खेतवाडीतील एक चिमणी आणि आपल्या मुलांच्या स्पर्धा



गिरगावातील खेतवाडी आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालची आहे. मी सांगणार आहे ती गोष्ट तेथलीच, परंतु १९०८ च्या सुमाराची. त्या वेळी खेतवाडीत अमीरुद्दीन तय्यबजी हे गृहस्थ राहत असत. त्यांना स्वतःचे मूलबाळ नव्हते. मात्र बहिणीची पोरकी झालेली मुले त्यांच्या घरी वाढत होती. त्यांतला सर्वांत धाकटा भाचा दहा-बारा वर्षांचा. तो एक वर्षाचा असताना बाप गेला आणि तीन वर्षांचा असताना आई. अभ्यासात तो यथातथाच होता. गणिताचे नाव काढले की त्याचे तोंड उतरे. मामूंना शिकारीचा नाद होता, म्हणून भाच्याच्याही हाती एक एअरगन आलेली. ती घेऊन हा पोरगा चिमण्या टिपत हिंडायचा.

एके दिवशी त्याने टिपलेली चिमणी नेहमीसारखी दिसेना. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, जणू कालवणाचा डाग पडला असावा. मुलापुढे प्रश्न पडला, आणि तो प्रश्न शास्त्राचा नव्हता, दीनाचा होता. असला अनोळखी पक्षी मुसलमानाने खाणे जायज आहे की नाही? तो ती चिमणी घेऊन मामूंकडे गेला. मामूंनाही तिची ओळख पटेना. अशा वेळी तुम्ही-आम्ही काय केले असते ते मी सांगायला नको. ‘फेकून दे ती आणि हात धुऊन अभ्यासाला बस,’ एवढे बोलून आपण मोकळे झालो असतो. अमीरुद्दीन साहेबांनी मात्र एक चिठ्ठी लिहिली. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. सोसायटीचे मानद चिटणीस मिलर्ड यांच्या नावे ती चिठ्ठी देऊन त्यांनी भाच्याला फोर्टातील अपोलो स्ट्रीटवरच्या कचेरीत पाठवून दिले.

इंग्रज साहेबासमोर कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन उभे राहायचे म्हणजे त्या काळच्या पोराच्या छातीत केवढी धडधड झाली असेल! पण मिलर्ड साहेबांनी त्याला घालवून दिले नाही. त्यांनी चिमणीची जात सांगितली, आणि नंतर कपाटांचे खण एकामागून एक उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले. वाचायला पुस्तके दिली. पुढे पक्ष्याचे कातडे सोडवून त्यात पेंढा कसा भरावा, त्याची नोंद कशी ठेवावी, हेही त्याला तेथेच शिकायला मिळाले. हा मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली. सबंध हिंदुस्थानला पक्षी ओळखायला शिकवणारे, १९७६ साली पद्मविभूषण झालेले आणि १९८७ साली अल्लाघरी गेलेले. १९८५ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याचे नावही याच चिमणीवरून ठेवले.

मला लिहायला सांगितले आहे ते शालेय मुलांच्या स्पर्धा आणि शाळेबाहेरच्या उपक्रमांविषयी, आणि मी चिमणी सांगत बसलो आहे. पण त्याला कारण आहे. आपल्याकडे ‘स्पर्धा’ म्हटले की ढाल, पेला, व्यासपीठ आणि फोटो डोळ्यांपुढे येतो. त्या मुलाला कसलीच ढाल मिळाली नाही. मिळाले ते एक उघडे दार, आणि त्या दारापर्यंत पाठवणारे एक वडीलधारे माणूस. मुंबईत अशी दारे किती पूर्वीपासून आहेत आणि आपली मुले त्यांतून किती वेळा आत गेली, हा हिशेब एकदा मांडून पाहावा असे फार दिवस मनात होते.

या नॅचरल हिस्टरी सोसायटीचेच पाहा. ती १८८३ साली भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जणांनी मिळून काढली. त्यांत दोघे आपले मुंबईकर मराठी डॉक्टर होते: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. तेव्हा ती केवळ साहेबांची मिरासदारी होती असे म्हणता येत नाही.

आणि ज्यांचे नाव आज त्या संग्रहालयाला आहे ते भाऊ दाजी? तेही एका स्पर्धेतूनच वर आले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गोव्यातल्या मांद्रे गावाहून मुंबईला आलेल्या गरीब कुटुंबातला हा मुलगा. १८४० च्या दशकात सरकारने काठेवाड आणि कच्छमधील बालिकाहत्येच्या दुष्ट चालीवर निबंध मागवले होते. तरुण भाऊंच्या इंग्रजी निबंधाला सहाशे रुपयांचे बक्षीस मिळाले. त्या काळी सहाशे रुपये म्हणजे लहानसहान रक्कम नव्हे. पण विषय पाहा, वाचकहो. ‘माझा आवडता ऋतू’ नव्हे, तर जन्मतःच मारल्या जाणाऱ्या मुली! निबंधस्पर्धेचा विषय कसा असावा याचा हा धडा आपल्या आजच्या शाळांनी घ्यायला हरकत नाही. आपण दरवर्षी तेच तीन विषय फिरवून देतो आणि मुलेही तीच तीन उत्तरे फिरवून लिहितात.

त्याच सुमारास, १८४८ साली, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. मुलांनी निबंध लिहायचे, सभेत वाचायचे, इतरांनी त्यावर बोलायचे असा तिचा प्रकार. दादाभाई नौरोजी त्यात पुढे होते. निबंध वाचून ती मंडळी घरी जाऊन झोपली नाहीत; दुसऱ्याच वर्षी त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि तरुण मंडळी स्वतः तेथे फुकट शिकवू लागली. मुंबईतील मुस्लिम समाज मात्र इंग्रजी शाळांपासून बराच काळ दूर राहिला. बद्रुद्दीन तय्यबजींसारखे अपवाद होते. मदरशातून एल्फिन्स्टनमध्ये, तेथून विलायतेला, आणि १८६७ साली मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर. परंतु एका तय्यबजींनी सबंध समाज शिकत नाही, हे त्यांनाच सर्वांच्या आधी कळले. म्हणून १८७४ साली त्यांनी, बंधू कमरुद्दीन यांनी, नाखुदा महंमद अली रोगे आणि मुन्शी गुलाम महंमद यांनी अंजुमन-इ-इस्लामचा पाया घातला.

आता तुम्हाला एका रस्त्यावर घेऊन जातो. बोरीबंदर स्टेशनातून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडा. समोर दादाभाई नौरोजी रस्ता, पूर्वीचा हॉर्नबी रोड. पलीकडे अंजुमनची देखणी दगडी इमारत उभी आहे. ती १८९३ सालची. तेथून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालू लागलात की पाच-सात मिनिटांत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे आवार लागते. जमशेटजी जीजीभाईंनी दिलेल्या एक लाख रुपयांतून ही शाळा १८५७ साली सुरू झाली. आणि अंजुमनच्या पाठीमागच्या बाजूने चार पावले गेलात की आझाद मैदान. शाळा, मैदान आणि कलाशाळा, तिन्ही एका हाकेच्या अंतरात. शंभराहून अधिक वर्षे आपली मुले या रस्त्याने ये-जा करीत आली आहेत. त्यांतली मैदानाकडे किती वळली आणि कलाशाळेकडे किती, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

मैदानाबद्दल मला फार सांगायचे नाही, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. लॉर्ड हॅरिस यांच्या नावाची आंतरशालेय ढाल १८९० च्या दशकापासून चालत आली आहे. धाकट्या मुलांसाठी गाइल्स शील्ड त्यानंतरची. १९८८ साली दादरच्या शारदाश्रमाच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस शील्डमध्ये ६६४ धावांची भागी केली ती याच आझाद मैदानावर. अंजुमनचा वसीम जाफर पंधराव्या वर्षी एका शालेय सामन्यात नाबाद ४०० धावा करून गेला आणि पुढे भारताकडून ३१ कसोटी सामने खेळला. त्याचे वडील बेस्टमध्ये बस चालवीत. बस चालवणाऱ्या बापाला मुलाची किट परवडली कशी, वेळ मिळाला कसा, हे त्यांचे त्यांनाच माहीत; पण त्यांनी मुलाला मैदानावरून परत बोलावले नाही. क्रिकेटच्या बाबतीत आपला समाज शहाणा आहे. पहाटे उठून मुलाला नेटवर सोडणारे अब्बा आपल्याकडे ढीगभर आहेत. तेच अब्बा चित्रकलेच्या परीक्षेचा अर्ज पुढे आला की चष्मा पुसू लागतात.

तेव्हा चित्रकलेवर थोडे थांबू.

मुंबईच्या आधुनिक चित्रकलेची पहिली पाच-सात नावे घ्या. मकबूल फिदा हुसेन, सय्यद हैदर रझा, तय्यब मेहता, अकबर पदमसी. ही यादी मी धर्म पाहून निवडलेली नाही. जगाने निवडलेली आहे. हुसेन पंढरपूरचे. आई लहानपणीच गेली. मदरशात असताना त्यांनी कूफी वळणाची खुशखती गिरवली, आणि पुढचा सगळा रेषांचा खेळ तेथूनच आला असे मानायला जागा आहे. १९३० च्या दशकात मुंबईला येऊन ग्रँट रोडच्या परिसरात त्यांनी सिनेमाची मोठमोठी पोस्टरे रंगवली, लाकडी खेळणी आणि फर्निचर यांचे नमुने केले. १९४७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळाले आणि इतर चित्रकारांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. त्याआधी दहा-बारा वर्षे हा माणूस याच शहरात रस्त्यावर रंग कालवीत होता, आणि कोणी त्याची दखल घेतली नव्हती. एका प्रदर्शनात चित्र लावले म्हणून ती घेतली गेली. मुलांनो, चित्र काढून गादीखाली ठेवणे आणि चित्र स्पर्धेला पाठवणे यांत एवढा फरक असतो.

तय्यब मेहता बोहरा कुटुंबातले. तारदेवच्या फेमस स्टुडिओत फिल्म कापण्या-जोडण्याचे काम करता करता ते जे. जे. मध्ये शिकले आणि १९५२ साली पदविका घेऊन बाहेर पडले. अकबर पदमसी खोजा, तेही जे. जे. चेच. आणखी एक नाव मुद्दाम घेतो, कारण ते हल्ली विसरले गेले आहे: अब्दुलरहीम आलमेलकर. त्यांचे बालपण सोलापुरात गेले. जे. जे. मध्ये शिकून त्यांनी पाश्चात्त्य वळण गिरवण्याऐवजी आपल्या लघुचित्रांची आणि लोककलेची रेषा धरली. १९८२ साली ते वारले.

आता तो नाजूक प्रश्न. सजीवांची चित्रे काढावीत की नाही, याबद्दल आपल्या पुष्कळ घरांत संकोच आहे. मी आलिम नाही. त्यावर निवाडा देण्याचा मला अधिकार नाही, आणि या स्मरणिकेचे ते कामही नव्हे. परंतु पालकांनी निदान परीक्षेचे विषय तरी वाचावेत. कला संचालनालय दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा घेते. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन असे भाग असतात. इंटरमिजिएटला वस्तुचित्राऐवजी स्थिरचित्र येते आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. स्मरणचित्रात माणसे काढावी लागतात, हे मी लपवीत नाही. पण बाकीचे? वस्तुचित्रात तांब्या, पातेले, वांगे, कापड. संकल्पचित्रात फुले-पाने आणि भौमितिक आकार यांची वीण. भूमितीत कंपास आणि पट्टी. अक्षरलेखनात सुवाच्य, मापात बसवलेली अक्षरे. अहो, मशिदीच्या जाळ्या आणि मिहराबींवरच्या आयती ज्यांच्या पूर्वजांनी कंपास, पट्टी आणि बोरूने घडवल्या, त्यांच्या मुलांना संकल्पचित्र परके का वाटावे? इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे हल्ली दहावीच्या निकालात वाढीव गुणही मिळतात: अ श्रेणीला सात, ब ला पाच, क ला तीन. ज्यांना गुणांचीच भाषा कळते त्यांच्यासाठी ही माहिती दिली.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. मी ज्या शाळेत शिकवीत होतो तिचे नाव घेत नाही. आठवीच्या वर्गात एक मुलगी होती, कोकणातल्या कुटुंबातली. तिचे संकल्पचित्र असे नेटके की फळ्यावर लावून ठेवावे. एलिमेंटरीचे अर्ज आले. तिचे वडील कडक आहेत, पाचला दहा मिनिटे राहिली की मुलगी घरात हवी, असे मी इतरांकडून ऐकले होते. परीक्षेचे केंद्र दुसऱ्या शाळेत, दोन दिवस जायचे. ते हो म्हणणार नाहीत, असे मी मनाशी ठरवून टाकले आणि तिला अर्ज दिलाच नाही. तीही काही बोलली नाही. पुढे दोन वर्षांनी तिच्या धाकट्या भावाच्या प्रवेशासाठी वडील शाळेत आले. डॉकमध्ये फिटर होते. बोलता बोलता विषय निघाला. ते म्हणाले, “सर, मी रोज ड्रॉइंग वाचूनच लोखंड कापतो. माझ्या पोरीचा हात चांगला आहे, हे मला कळत नाही काय? तुम्ही मला विचारायला तरी हवे होते.” मी मान खाली घातली. तोवर ती दहावी होऊन गेली होती.

तेव्हा शिक्षक बंधू-भगिनींनो, पालक नाही म्हणतील हे आधीच गृहीत धरू नका. कपाटात पडून राहिलेले परिपत्रक हा आपल्या शाळांतला जुना रोग आहे. स्पर्धेची सूचना येते, शिपाई ती टेबलावर ठेवतो, तिच्यावर हजेरीपट चढतो, आणि मुदत संपल्यानंतर ती सापडते.

आपल्याकडे स्पर्धा नव्हत्या असे मात्र कोणी समजू नये. किरअतीच्या आणि नातखानीच्या स्पर्धा, सीरतवरील भाषणे, बैतबाजी हे सारे आपल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. बैतबाजीत समोरच्याच्या शेराचे शेवटचे अक्षर पकडून आपला शेर म्हणायचा. त्यासाठी शेकडो शेर तोंडपाठ लागतात. तमसीली मुशायरा तर याहून गमतीचा. कोणी गालिब होतो, कोणी मीर, कोणी इकबाल. कापसाची दाढी, मामूंची शेरवानी, पुढे शमा, आणि नववीतला गालिब घाबरून मीरचाच शेर म्हणून जातो! हे पाठांतर, हे सभाधीटपण, उच्चाराची ही शिस्त कोणत्याही नाट्यस्पर्धेत आणि वक्तृत्वस्पर्धेत सोन्यासारखी कामाला येईल. अडचण एवढीच की आपला गालिब शाळेच्या दिवाणखान्यातून बाहेर पडत नाही.

जो बाहेर पडला त्याचे उदाहरण आहे. कादर खान कामाठीपुऱ्यात वाढले, तेही हलाखीत. लहानपणी रात्री कब्रस्तानात जाऊन एकटेच मोठ्याने संवाद म्हणत असत, असे त्यांनीच मुलाखतीत सांगितले आहे. पुढे एम. एच. साबू सिद्दीक संस्थेत ते इंजिनीअरिंग शिकवू लागले. शिकवता शिकवता नाटके लिहिली, बसवली. ‘लोकल ट्रेन’ या त्यांच्या नाटकाला नाट्यस्पर्धेत पारितोषिके मिळाली. पाहणाऱ्यांत सिनेमावाले होते, आणि त्यातून ‘जवानी दिवानी’ (१९७२) चे संवाद त्यांच्याकडे आले. नंतरची कथा तुम्ही पडद्यावर पाहिलीच आहे. सिनेमात जावे की नाही यावर मी येथे बोलत नाही. एका स्पर्धेने वर्गातल्या शिक्षकाची लेखणी शहराला दाखवली, एवढेच सांगायचे आहे.

मराठीचे काय? उर्दू माध्यमातल्या आपल्या मुलांना मराठी वक्तृत्वस्पर्धेचे नाव काढताच घाम फुटतो. ‘आपले उच्चार ऐकून हसतील,’ ही भीती. परळ-लालबागच्या गिरणगावात मात्र एके काळी हजारो कामगार ज्या मराठी आवाजाने उठून उभे राहत, तो आवाज शाहीर अमर शेखांचा होता. मूळ नाव मेहबूब पटेल, जन्म १९१६ सालचा बार्शीचा. शाळा फारशी झाली नाही, गिरणीत राबले. आईच्या तोंडची गाणी कानात होती. १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा डफ गावोगाव वाजला. १९६९ साली ते गेले. त्यांच्या राजकारणाशी कोणाचे जमो वा न जमो, मराठी ही मुसलमानाची भाषा नव्हे असे अमर शेखांसमोर म्हणायची कोणाची छाती झाली नसती. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी करमाळ्याचे डॉ. यू. म. पठाण बसले, तेही संतसाहित्याचे अभ्यासक म्हणून. तेव्हा उच्चारांना हसणाऱ्यांना हसू द्या. दोन स्पर्धांत हसतील, तिसऱ्या स्पर्धेत ऐकतील.

रंगभूमीची दारेही जवळच आहेत. गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ सालचा. १९५९ साली सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’ सुरू करून ‘मधुमंजिरी’ हे बालनाट्य आणले, आणि मुलांसाठी नेटके, पूर्ण लांबीचे नाटक करायचे असते हे मुंबईला दाखवून दिले. ते लिहिणारे रत्नाकर मतकरी. त्यांनी पुढे स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था चालवली. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून गिरणगावातल्या कलावंतांचे घर होते. २०२३ साली ते पुनर्बांधणीसाठी बंद झाले. नाट्यगृह बंद होते तेव्हा केवळ खुर्च्या जात नाहीत, शेजारच्या चाळीतल्या पोराचा पहिला प्रवेश जातो.

विज्ञानाकडे वळू या. ग्रेटर बॉम्बे सायन्स टीचर्स असोसिएशनने १९८१ साली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. ती सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असते. पहिल्यांदा लेखी परीक्षा, त्यातून निवडलेल्यांची प्रात्यक्षिक परीक्षा, आणि शेवटी मुलाने स्वतः केलेला कृती-संशोधन प्रकल्प व मुलाखत. सुवर्ण, रौप्य आणि कांस्य पदके मिळतात. या स्पर्धेतली उत्तम गोष्ट म्हणजे तो प्रकल्प. आपल्या गल्लीत पाणी किती वाया जाते, कचऱ्यात काय काय असते, असे काहीतरी मुलाने स्वतः मोजायचे असते. हल्ली तिच्यासाठी भरमसाट फी घेणारे शिकवणीवर्ग निघाले आहेत. माझे वैयक्तिक मत असे की प्रकल्प क्लासवाल्याने करून दिला तर पदक त्यालाच द्यावे. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून आहे. तेथे विज्ञान मेळावे होतात, विज्ञान नाट्यस्पर्धाही होते. आपल्या तमसीली मुशायऱ्यातल्या गालिबला कधी इब्न अल-हैसमचा झगा चढवून तेथे नेऊन पाहा! प्रकाशाचा अभ्यास करणारा हा बसऱ्याचा पंडित दहाव्या-अकराव्या शतकातला. त्याच्यावर नाटक लिहायला आपल्या शाळांहून योग्य जागा कोणती?

शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल दोनच शब्द. ती पूर्वी चौथी आणि सातवीला असे. २०१६-१७ पासून काही वर्षे ती पाचवी आणि आठवीला घेतली गेली. आठवणींवर विसंबून वडीलधारे चुकीच्या इयत्तेला तयारी करून घेऊ नयेत, आधी शाळेत विचारावे, म्हणून लिहिले.

आणि एक सावधगिरीची सूचना. अलीकडे घरी पाकिटे येतात: अमुक ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धा, प्रवेश फी एवढी, प्रत्येक सहभागी मुलाला पदक आणि प्रमाणपत्र निश्चित. जेथे हरायची सोय नाही ती स्पर्धा नव्हे, दुकान आहे. शासनाच्या, महापालिकेच्या, शिक्षकांच्या जुन्या मंडळांच्या आणि ग्रंथालयांच्या स्पर्धांना फी एक तर नसते किंवा थोडी असते. तेथे आपले मूल बहुधा हरते. हरून आल्यावर त्याला ‘मी सांगत होतोच’ असे म्हणू नका. पहिल्या आलेल्या मुलाचे चित्र वा निबंध पाहिलास का, त्यात काय होते, एवढे विचारा.

सालिम अलींची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. ते असेच नऊ-दहा वर्षांचे असताना चेंबूरला एका तबेल्याच्या भिंतीत चिमणीचे घरटे होते. बाहेर खुंटीवर नर बसायचा, आत मादी अंड्यांवर. त्यांनी नर टिपला, तर थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही टिपला, तर तिसरा. आठवडाभरात असे आठ नर झाले. शिकारीच्या नादात केलेला हा पोरकटपणा. आज कोणी करू नये आणि कायदाही करू देणार नाही. पण मुलाने दर वेळी काय घडले ते वहीत लिहून ठेवले. कोणत्या गुरुजींनी सांगितले नव्हते, कोणत्या स्पर्धेसाठी नव्हते. सुमारे साठ वर्षांनी ती नोंद पक्षिनिरीक्षकांच्या एका नियतकालिकात छापून आली, लहानपणी लिहिली होती तशीच.

त्या सोसायटीची कचेरी आता अपोलो स्ट्रीटवर नाही. काळा घोड्याजवळ, लायन गेटसमोर ‘हॉर्नबिल हाउस’ या इमारतीत आहे. चर्चगेट स्टेशनापासून चालत पंधरा मिनिटे. मुलाला घेऊन जायचे असेल तर आधी फोन करून वेळ विचारून घ्यावी, आणि त्याची वही बरोबर असू द्यावी.